व्याह्यांच्या धोतरातली नात

लहान मुलाला लंगोट बांधावा तो आमच्या कुरुंद्याच्या व्याह्यांनीच. उरलेले जग मुलाला केवळ गुंडाळते. हे मी आनंदाने लिहीत नाही. आमच्या सुनेचे पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झाले आणि काही महिन्यांनी नात हिंगोलीस आमच्या घरी आली, ती त्यांच्या जुन्या धोतराच्या लंगोटांत. पाठोपाठ तेही आले, चार दिवसांसाठी. ते चार दिवस पुढे सरता सरले नाहीत. पाळणा माझा, नात माझी, आणि तिच्या अंगाला धोतर त्यांचे!

गृहस्थ हळदीचे मोठे बागायतदार. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. बोटे मात्र हलकी. चौकोनी कापडाची तिरपी घडी, वरची कड बेंबीखाली मुडपलेली, आणि गाठ कधीही पोटावर नाही, कुशीला. पिनेचे नाव काढले की भडकत. "लेकराच्या अंगाजवळ लोखंड कायला?" चिरंजीवांनी तयार डायपरांचा पुडा आणला, तर त्यांनी त्यातला एक चिमटीत दाबून पाहिला आणि पुडा परत केला. "लेकराला वल्लंच कळंना, तं त्यानं रडावं काहून?" जुन्या सुती कापडाचा लोभ तर विलक्षण. एकदा वारंगा फाट्यावर आम्ही चहा घेत असताना त्यांनी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा उचलून स्वतःच्या गालाला लावला. "बाबा, किती वर्सं झाले नेसून?" म्हातारा दचकला, पण बस येईपर्यंत, फाटले की धोतर कुरुंद्याला धाडीन, असे वचन देऊन बसला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

एकदा ते अंघोळीला गेले असता मी लंगोट बांधला. नातीला उचलताच तो तिच्या गुडघ्यांवर आला. आमची मंडळी दारातून म्हणाली, "लंगोट बांधला का कचेरीतलं दप्तर? द्या तिला इवायांकडं." त्यांच्या हातांत नात पाय सैल सोडी, माझ्या हातांत ताठ होई. मला वाटले, दोष कापडाचा असावा. तिने एकदा तरी माझ्या धोतरात निजावे, एवढेच मला हवे होते. कपाट उघडले. सारी हयात कचेरीत गेलेली. आत टेरिकॉटच्या विजारी. चिंधीपुरतेही सूत नाही.

मी नवे धोतर आणले आणि यंत्रात धूत सुटलो. व्याह्यांनी ते गालाला लावले. "न्हाई, इवाई. मशिनीनं सूत मऊ व्हत न्हाई. नेसा, हिंडा, घाम जिरू द्या."

"मला नेसता येत नाही," मी म्हणालो.

"मंग उभे ऱ्हा बराबर. हात वर करा."

त्यांनी ते मला नेसवले. गाठ मारताना तोंडाने तोच चुचकारण्याचा आवाज, जो ते नातीसाठी काढीत. नात पाळण्यातून टक लावून पाहत होती. मंडळी घाईने स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवसापासून मी धोतर नेसतो. अधूनमधून ते सोगा तपासीत. "आजून न्हाई." नात रांगू लागली. "आजून न्हाई." ती उभी राहिली, मोरीकडे बोट दाखवू लागली, आणि लंगोट सुटले. व्याही कुरुंद्याला परतले. घर शांत झाले. ही शांतता मीच मागितली होती.

परवा ते भेटीस आले. बसल्याबरोबर माझ्या धोतराचा सोगा गालाला लावून थांबले.

"आता झालं बराबर, इवाई."

नात झग्यात होती. आम्हा दोघांच्या मधून धावत अंगणात गेली. कोणाकडेच थांबली नाही. सोगा व्याह्यांच्या हातातच राहिला होता. मी तो सोडवून घेतला नाही.