सहावा वेढा

धाकटीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सत्तरी उलटली तरी तेच. कारखाना केव्हाच बंद पडला, पण चारला डोळे टक्क उघडतात आणि हात काम शोधू लागतात. नावही तेच राहिलं. थोरली बहीण शेजारच्या जागेवर बसायची म्हणून कारखान्यात ही धाकटी. आता थोरली नाही, तरी ही धाकटीच.

दोघी हातबॅटऱ्यांच्या मागच्या झाकणात स्प्रिंग बसवायच्या. तार दांड्यावर गुंडाळायची, पाच वेढे झाले की तोडायची, झाकणात धरून कथलाचा डाग द्यायचा. सुट्टी होईपर्यंत मान वर करायची सोय नाही. नियम पाच वेढ्यांचा होता. ताई सहा द्यायची. पाचात सेल आत खडखडतात, म्हणायची.

"तार काय तुझ्या बापाची आहे?" मुकादम ओरडायचा.

"बापाची असती तर सात दिले असते," ताई हातातलं काम न सोडता म्हणायची.

पगारातून तारेचे पैसे कापले जायचे. वेढे सहाच राहायचे.

मग डागाच्या धुराने ताईची छाती धरली. ती दवाखान्यात गेली तेव्हा धाकटी तिच्या जागेवर सरकली आणि तीही सहा वेढे देऊ लागली. ताई परत येईल तेव्हा तिची जागा तिला जशीच्या तशी मिळायला हवी, एवढंच डोक्यात होतं. ताई आली नाही. धाकटी पुन्हा पाचावर गेली.

ताईचा एकही फोटो नव्हता. निदान तिच्या हातचं काही घरात असावं म्हणून म्हातारपणी धाकटी जुन्या बाजारात बॅटऱ्या उघडून बघत हिंडू लागली. झाकण फिरवायचं, आत बघायचं, ठेवून द्यायचं. पाच, पाच, पुन्हा पाच.

"आजी, घेणार आहात की नुसतं पोट उघडून बघणार?" दुकानदार वैतागायचे.

शेवटी त्यांतल्याच एकाने तिला हाक मारली. कपाटातून एक पितळी बॅटरी काढली. "ही सहा वेढ्यांची. हौशी लोक जीव टाकतात हिच्यावर. कारखान्याने थोडेच दिवस काढली म्हणे, खास माल. भावात घासाघीस नको हं, आजी."

धाकटीने झाकण उघडलं. सहा होते. ते उजेडात धरलं, आणि ती तिथल्याच स्टुलावर बसली.

ताईचा डाग टाचणीच्या डोक्याएवढा असायचा. हा पसरला होता, एका बाजूला ओघळला होता. ताईच्या उशाशी रात्र काढून दवाखान्यातून थेट कामावर आलेल्या बाईचा डाग. धाकटीचा स्वतःचा.

"काय झालं? नकली आहे का?"

"नाही हो. खरीच आहे."

दुकानदाराने सेल घालून दिले. धाकटीने बॅटरी कानाशी धरून हलवली. आत काही वाजलं नाही.

अजून शोधायचं तर पायांत जोर उरला नव्हता. पगारातून मागे टाकलेले पैसे, ताईच्या हातची बॅटरी सापडली की द्यायचे, म्हणून तिने दुखण्यातही मोडले नव्हते. तिने रुमालाची गाठ सोडली. जन्मभराच्या मजुरीतून तिने विकत घेतला तो ताईची वाट बघताना स्वतःच दिलेला एक जादा वेढा.