नेरेइदाची खोली

आमच्या सान तेल्मो या समुद्रकाठच्या गावात कुणी "कुठं राहता?" असं विचारलं, तर "माझं घर अमक्या ठिकाणी" असं सांगत नाहीत. "तुमचं घर मिठागराच्या कडेला आहे," असं म्हणायचं. घर आपलंच, पण म्हणायचं तुमचं. ऐकणाऱ्यानं मान लववायची, आभार मानायचे आणि आपल्या वाटेनं चालू लागायचं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. कॅनडाच्या लॉर्नला मात्र इथं चौदा हिवाळे काढूनही कळलं नाही, आता याला काय म्हणावं!

लॉर्न आणि त्याची बायको डोरीन नोव्हेंबरात यायची आणि तिकडचं बर्फ वितळलं की एप्रिलात जायची. समुद्रासमोरचं निळ्या दाराचं घर त्यांनी भाड्यानं घेतलेलं, आणि स्वयंपाकाला आमची कुका. कुका विधवा, साठी उलटलेली, जिभेला हाड नसलेली. ती सांगायची, "काम ना धाम! सकाळी खुर्च्या टाकून लिंबू पिळलेली पपई खायची, पेलिकन पक्षी मोजायचे, दुपारी झुल्यात घोरायचं, संध्याकाळी पत्ते. तो हरला की चिडतो, ती हसत सुटते. देवानं नशीब द्यावं तर असं!" असं म्हणायची खरी, पण ते हसणं कानावर पडावं म्हणून संध्याकाळची भांडी मुद्दाम सावकाश घासायची.

यंदा डोरीन आली ती प्राणवायूची टाकी घेऊनच. फुप्फुसं कामातून गेली होती. गावातल्या डॉक्टरनं जानेवारीत सांगितलं, "आता विमानात बसवू नका. फार तर वसंतापर्यंत." आणि त्याच महिन्यात मालकानं निळ्या दाराचं घर विकलं. ऐन हंगामात गावात खोली मिळेल तर शपथ! लॉर्ननं चार दिवस पायपीट केली. पाचव्या दिवशी तो डोरीनला, टाकीला आणि दोन पेट्यांना तीनचाकी रिक्षात घालून थेट कुकाच्या दारात हजर.

"कुका, मी आली!" तो म्हणाला. बाईपुरुषाचा घोळ त्याला कधी सुटलाच नाही. "तू चौदा वर्षं सांगते, तुमची घर मिठागराजवळ. आम्ही आली."

कुकाला आधी थट्टाच वाटली. मग तिनं डोरीनचे निळे पडलेले ओठ पाहिले.

शेजारची चायो कुंपणावरून सगळं बघत होती. कुकाला बाजूला घेऊन ती मैत्रिणीच्या हक्कानं कुजबुजली, "कोमाद्रे, सांग की त्याला, ही नुसती बोलायची रीत असते म्हणून!"

"तूच सांग."

"मी कशाला? माझं घर थोडंच आहे त्याचं?"

रिकामी अशी एकच खोली होती, मागची. ती नेरेइदाची. कुकाची एकुलती एक लेक नऊ वर्षांपूर्वी सीमा ओलांडून शिकागोला गेली, तिथं एका हॉटेलात चादरी धुते. तिकडं लग्न झालं, दोन पोरं झाली. कागदपत्रं नाहीत. दर रविवारी फोन, आणि दर फोनला "या नाताळला नक्की येते, आई." नऊ नाताळ गेले. कुका दर शनिवारी त्या खोलीतली चादर बदलायची. खुंटीला पोरीचा पंधराव्या वाढदिवसाचा गुलाबी झगा तसाच लटकत होता. मागे एकदा ही चायोच म्हणाली होती, खोली भाड्यानं दे, तेव्हा कुका तिच्यावर उसळली होती, "आणि माझी पोर आली की झोपेल कुठं, तुझ्या डोक्यावर?"

पण आमच्याकडं दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. कुकाच्याही तोंडून निघालं नाही. तिनं झगा खुंटीवरून काढला, घडी घालून खोक्यात ठेवला आणि डोरीनला दंडाला धरून पलंगावर निजवलं. मग बाहेर येऊन दार हलकेच लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून लॉर्ननं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. जाडजाड साल काढून पपईची पार वाट लावायचा. समुद्र दिसत नव्हता, म्हणून दोघं कोंबड्या मोजायची. डोरीनला आता हसण्यापुरता श्वास नव्हता. पत्ते मांडले की लॉर्न मुद्दाम हरायचा, मुद्दाम चिडायचा, आणि ती नुसती त्याच्याकडं बघत राहायची. कुकाला ते बघवत नसे.

तिच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. रविवारी नेरेइदाला सांगायचं, तुझ्या खोलीत माणसं घातलीत म्हणून. पोरगी भडकेल. "माझी खोली? मला न विचारता?" म्हणेल. भडकू दे, वाट्टेल ते बोलू दे! जी खोलीसाठी भांडते, ती कधी ना कधी यायचं मनात धरून असते. कुकानं आठवडाभर ते भांडण मनातल्या मनात ऐकलं होतं.

रविवारी फोन वाजला.

"नेरे, तुझ्या खोलीत मी ते कॅनडाचे म्हातारा-म्हातारी ठेवलेत. म्हातारी मरायला टेकलीय. तुझ्या पलंगावर."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"बरं केलंस, आई."

"बरं? काय बरं केलं?"

"दर वर्षी येते-येते म्हणताना मला मेल्यासारखं व्हायचं गं. एकदा आले की परत इकडं शिरता येणार नाही. पोरं इथं, नवरा इथं. आणि तू तिकडं चादरी बदलत बसलेली. मी सांगू तरी कशी?" नेरेइदा रडत होती, पण आवाज मोकळा झाला होता, कित्येक वर्षांत नव्हता इतका. "आता खोली भरली. सुटले मी, आई."

"आणि तुझा झगा?"

"देऊन टाक कुणाला तरी."

"हो, बाळा," कुका म्हणाली. "पोरांना जप." फोन ठेवला.

मागून डोरीनच्या खोकल्याची ढास ऐकू आली. लॉर्न "कुका! पाणी!" म्हणून हाका मारत होता. तिनं माठातून पेला भरला आणि मागच्या खोलीकडं गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आपल्याच घरातल्या त्या दारावर तिनं हलकेच टकटक केली, आणि आतून कुणी "ये" म्हणेपर्यंत पेला धरून बाहेरच उभी राहिली.