अडतीस नावांची यादी

नव्या जिल्हा कचेरीच्या कंपाऊंडच्या भिंतीवर नगरपरिषदेच्या शाळेतल्या अडतीस पोरापोरींनी चित्र काढलं, आणि त्यांच्याच मुख्याध्यापकांनी ते दुसऱ्या शाळेच्या पोरांच्या नावावर करून टाकलं. फसवलं त्यांनी, पण ती नावं भिंतीवर रंगवली मी. मला दोन्ही गोष्टी मान्य आहेत. त्यांना एकही मान्य नाही.

मी पाट्या रंगवणारा. लोह्याजवळच्या खेड्यातून नांदेडला आलो आणि एका उस्तादाच्या दुकानात चार वर्षं रंगाचे डबे धुतले. पाचव्या वर्षी ब्रश हातात मिळाला. लातूर जिल्हा झाला असं ऐकलं त्याच आठवड्यात मी सामान बांधलं. जिल्हा नवा झाला की आधी पाटी लागते, मग साहेब येतो आणि काम सगळ्यात शेवटी येतं. मी बरोबर वेळेवर पोचलो होतो.

चुकलं ते साल. पाऊस नव्हता आणि धूळ भरपूर होती. ओली पाटी बाहेर ठेवली की सकाळी ‘कृषी अधिकारी’ पॉलिश पेपरसारखे खरखरीत झालेले असायचे. बंद खोली पाहिजे होती. नगरपरिषदेच्या शाळेत एक रिकामी होती म्हणून मी मुख्याध्यापकांकडे गेलो.

“खोली देतो,” ते म्हणाले. “आमच्याकडं चित्रकलेला शिक्षक न्हाई. शाळा सुटल्यावर पोरांना तुम्ही शिकवा.”

“आठवड्यातून दोन दिवस.”

“रोज.”

“तीन दिवस, गुरुजी. मला पोट हाय.”

“चार. आणि खोलीची किल्ली तुमच्याजवळच ठेवा.”

किल्ली मी मागितलीच नव्हती. मला वाटलं, सौदा आपण मारला. एवढा व्यवहार करणाऱ्या माणसाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की न मागता मिळतं ते महाग पडतं.

संध्याकाळच्या वर्गाला पहिल्या दिवशी नऊ पोरं आली, महिन्यात अडतीस झाली. बऱ्याच जणांचे आईबाप रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे. घर सहापर्यंत बंद, म्हणून पोरं वर्गात. कलेची ओढ वगैरे नंतरची गोष्ट. शाळेच्या नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, तेही आलं असं म्हणायचं. रंगाला पाणी लागतं. मी नियम केला. चौघांत एक पेला, आणि पेल्यातलं पाणी बदलायचं नाही. आधी सगळ्यांनी पिवळा लावायचा, मग केशरी, मग लाल, मग हिरवा, निळा आणि काळा सगळ्यात शेवटी. त्यामुळे आमच्या वर्गात सूर्य आणि हळद पहिल्या दहा मिनिटांत तयार व्हायची, आणि माणसांचे केस उगवायला सहा वाजायचे. अडतीस टकली माणसं केसांची वाट बघत ओळीनं वाळत असायची.

कचेरीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. भिंतीवर ‘आपला जिल्हा’ असं चित्र काढायचं काम मुख्याध्यापकांनी शाळेकडे घेतलं. मी एकच अट घातली. चित्राखाली अडतीसही पोरांची नावं येणार. “येणारच की,” ते म्हणाले.

भिंत मोठी होती. डिस्टेंपरला पाणी जास्त लागतं. प्रत्येकानं घरून एक तांब्या आणायचा असं ठरलं. वर्गातल्या सगळ्यात चांगला हात असलेल्या पोरीचा तांब्या आला नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. तिची आई खडीवरून नुकतीच आली होती.

“पेंटर, अर्धी घागर हाय. खाणारी पाच तोंडं हायत. भिंतीला कुठून पाजू?”

“एकच तांब्या, बाई.”

“तुम्ही एक म्हणता अन् उद्या दुसरा मागता. तुमचं दुकान म्हाईत हाय मला.”

“पोरीचं नाव लागणार हाय भिंतीवर. कलेक्टरच्या भिंतीवर.”

“खडूनं का रंगानं?”

“रंगानं. पुसायचं न्हाई.”

“शब्द हाय का तुमचा?”

“हाय.”

तिनं तांब्या भरून दिला. काठोकाठ. मी आजवर पुष्कळ घासाघीस केली, पण तो एकच सौदा मी शब्दावर केला.

पोरांनी सहा दिवस भिंत रंगवली. औशाचा किल्ला, मोंढ्याचा बाजार, एसटी, खडी फोडणाऱ्या बाया. बाया त्या पोरीनं काढल्या. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी पोरं घरी गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला नावांची यादी दिली आणि सकाळच्या आत लिहा म्हणाले.

इथं माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला पाहिजे. पाटी रंगवणारा वाचत नाही. तो अक्षरं मोजतो, जागेला भागतो, दोरीला खडू लावून रेघ मारतो, वेलांटीला वर जागा सोडतो. उस्ताद सांगायचे, “पढना नहीं, गिनना. जो पढता है उसका आखरी हर्फ बाहर गिरता है.” मी मोजलं. अडतीस नावं होती. अडतीसच पाहिजे होती. पोरांना मी छोट्या, काळ्या, चष्म्या अशाच हाका मारायचो, पूर्ण नावं मला पाठ नव्हती. चार रांगा पाडल्या, अंधार पडायच्या आत संपवलं. शेवटचं अक्षर बाहेर पडलं नाही. अक्षर फार सुंदर आलं होतं, हे आजही मला सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. फीत कापली. माइकवरून एका मोठ्या संस्थेच्या शाळेचं अभिनंदन झालं. मला वाटलं, बोलणाऱ्याची चूक झाली असेल, साहेब लोकांची होते. तेवढ्यात ती बाई पोरीला घेऊन आली.

“दाव गं, कुठं हाय तुझं नाव?”

पोरगी पहिल्या रांगेपासून बोट लावत वाचत गेली. चौथी रांग संपली. परत पहिल्यापासून वाचलं.

“आई, आपल्या वर्गातलं कुणीच न्हाई ह्यात.”

बाईनं माझ्याकडं बघितलं. “लिहिलं कुणी हे?”

“मी.”

ती पोरीचा हात धरून निघून गेली.

मी तसाच शाळेत गेलो. मुख्याध्यापक पेढा खात होते.

“यादी वरून आली,” ते म्हणाले.

“वर म्हणजे कुठं? पत्र्यावर?”

“आवाज खाली करा. अक्षर कुणाचं हाय भिंतीवर? माझं का तुमचं?”

“मी काळं फासतो त्याला.”

“फासा. सरकारी भिंत हाय. कालपर्यंत न्हवती, आज हाय. आत जाल.”

मी किल्ली त्यांच्या टेबलावर आपटली. काचेला तडा गेला. तो तडा पुढं कित्येक वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते, पेंटर किती रागीट आहे ते कळावं म्हणून. यादीबद्दल मात्र त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा मुलगा त्या संस्थेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. मी फक्त सांगतो. जोडायचं त्यानं जोडावं.

मी झाडाखाली वर्ग चालू ठेवला. अकरा पोरं आली. ती पोरगी आली नाही. एकदा मोंढ्यात तिची आई भेटली. मी म्हणालो, बाई, माझी चूक झाली. ती म्हणाली, “पाण्याचं काय न्हाई, पेंटर. ते गेलं. पोरगी ब्रशला हात लावीना. लावून काय उपेग, म्हणती. त्याला काय सांगू मी?”

मला फक्त मोजता येतं.

गुरुजी, तुम्ही रिटायर झालात, औसा रोडला घर बांधलंत, सकाळी फिरायला जाता, तब्येत चांगली आहे. ती बाईही आहे, तिचं घर तिथंच आहे, तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. एका सकाळी त्या बाजूला वळा. दारात उभे राहून तिला सांगा की यादी कुणी बदलली, कुणाच्या सांगण्यावरून, आणि तिच्या पोरीच्या जागी कुणाचं पोर घातलं. मी शेजारी उभा राहीन, आवाज चढवणार नाही. माझ्या वाटणीचं मी इथं लिहून दिलं आहे. तुमच्या वाटणीचं उत्तर तुम्ही द्या, आणि तिला द्या, मला नको.