एकतीस टक्क्यांवर

मुलीच्या लॅपटॉपवर मी एक छोटी स्क्रिप्ट बसवली होती. ती दर पाच मिनिटांनी बॅटरीचा आकडा फाइलमध्ये लिहायची आणि वीस टक्के उरले की गजर करायची.

रहिमतपूरच्या घरी मुलीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत चालू असताना, गजर न होताच, स्क्रीन काळी झाली. चार्जर लावलेला होता, पण भिंतीवरचं बटण बंद.

"आबा, बटण तुमी बंद केलं?" मी वडिलांना विचारलं.

"व्हय. मगाशी खोलीत कोण न्हवतं, तवा केलं," ते म्हणाले. पलटणीतली सवय. "पर तुजा भोंगा का गप बसला रं?"

मुलीनं घाईघाईनं मोबाइलवरून मुलाखत पुरी केली. तोवर मी फाइल उघडली. शेवटची नोंद एकतीस टक्के. त्याआधीही चार वेळा लॅपटॉप तीस टक्क्यांच्या वरच बंद पडला होता. जुनी बॅटरी वीसपर्यंत पोचतच नव्हती.

चारही वेळा मुलीनं मला सांगितलं होतं. आणि फाइल न बघताच मी म्हणालो होतो, "गजर झाला का? नाही ना? मग बॅटरी ठीक आहे."