दंड वाळेपर्यंत

दुष्काळाच्या साली मी देवीची लस टोचत गावोगाव हिंडत होतो. पंचायतीची देखरेख म्हणजे चहा, हे मला पाठ झालं होतं. ईट गावातही पंचायतीचे मेंबर शाळेच्या ओसरीवर आले, चहा पिऊन गेले. मागं राहिली ती त्यांच्यातली एकटी बाई. नाव मी विचारलं नाही. सगळे तिला मेंबरीणबाई म्हणत.

देवी कोपेल या धास्तीनं आया लेकरू टोचून घ्यायच्या आणि भिंतीआड जाऊन पदरानं लस पुसून टाकायच्या. पुसली की टोचणं वाया. म्हणून ही बाई टोचलेलं प्रत्येक लेकरू मांडीवर घ्यायची, दंडावर हळूहळू फुंकर घालायची आणि दंड पुरता वाळल्यावरच आईकडं द्यायची.

खडी फोडायच्या कामावरून आलेली एक आई चिडली. "द्या माजं लेकरू! देवी कोपली मंजे?"

मेंबरीणबाईनं लेकराचा दंड सोडला नाही. "कोपली तर माज्या घरी धाड तिला. माज्या घरात आता न्यायला कुणी ऱ्हायलं न्हाय."

ती आई शेजारी टेकली. जरा वेळानं तीही वाकली आणि लेकराच्या दंडावर फुंकर घालू लागली.