डाव्या पायाचं शिनगार्ड

माझ्या मुलाला सकाळी उठवणं हे माझं एकोणीस वर्षांचं काम होतं. पंखा बंद करायचा, चादर ओढायची, तोंडावर पाणी शिंपडायचं, आणि शेवटी साडेसहालाच "आठ वाजले बघ" म्हणून खोटं सांगायचं. मी बालवाडीत शिकवते. तीस पोरं माझ्या एका टाळीवर गप्प बसतात, हा एकटा कधी बसला नाही. घरात काही सापडलं नाही की पहिली हाक मला, "आई, कुठे ठेवलंस?" मोजा त्याच्याच पायात असला तरी चूक माझी. मी करवादायचे, शोधून द्यायचे आणि आतून खूश असायचे.

गेल्या वर्षी त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवा कोच आला. आधीचे सर झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि पोरं मनाला येईल तेव्हा उगवायची. हा नवा पस्तिशीचा, काटकुळा, आवाज म्हणे कधी चढवतच नाही. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, सहा म्हणजे सहा. जो उशिरा येईल त्याने नुसतं उभं राहायचं, आणि त्याच्या नावाच्या फेऱ्या बाकीच्यांनी मारायच्या.

दुसऱ्याच दिवशी आमचे चिरंजीव सहा दहाला पोचले. सतरा पोरं त्याच्यासाठी मैदानाला फेऱ्या मारत होती आणि हा हाताची घडी घालून बघत होता. तसाच घरी आला. जेवताना म्हणाला, "आई, उद्यापासून मला उठवू नकोस. मी अलार्म लावतो."

मी हसले. म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय. आठवडाभर मी त्याच्याआधी जागी होऊन अंथरुणात पडून राहायचे, आज तरी हा झोपून राहील या आशेवर. अलार्म एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. मग मोरीत पाण्याचा आवाज, मग हळूच लावलेलं दार. सुरुवातीला आमच्या चारकोपच्या गल्लीतले कुत्रे त्याच्यावर भुंकायचे, नंतर तेही भुंकेनासे झाले.

पुढे तर कहरच झाला. पोरगा अंडी उकडायला शिकला. जर्सी स्वतः धुवून दोरीवर टाकायला लागला, तीही उलटी करून, कारण सर म्हणतात रंग उडतो. माझ्या पोह्यांत तेल जास्त असतं, हे सर म्हणतात. पाठ ताठ ठेवून जेवावं, हेही सरच म्हणतात. हे सगळं मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं होतं, पण मी काय, घरचीच. त्या माणसाने एका आठवड्यात जे केलं ते मला एकोणीस वर्षांत जमलं नाही, आणि याचं कौतुक वाटायचं सोडून माझा नुसता जळफळाट होत होता. नवऱ्याने तो बरोबर ओळखला. त्याचं गाव मालवणकडचं, मस्करी करायची झाली की भाषाही तिकडचीच निघते. म्हणाला, "तू कित्याक जळतंस गो? पोर सुधारता हा ना?" मी त्याला म्हटलं, तू तुझा चहा पी.

त्या कोचचे दोन नियम मला फार लागले. पहिला, बॅग ज्याची त्याने भरायची. घरच्यांनी हात लावायचा नाही, काही राहिलं तर मित्राकडून मागायचं नाही, त्या दिवशी बाहेर बसायचं. दुसरा, चुकलं की हात वर करून "माझी चूक" म्हणायचं आणि थांबायचं. कारण सांगायचं नाही. एकदा ओट्यावर दूध सांडलं. मी तोंड उघडायच्या आत याने हात वर केला, "माझी चूक" म्हणाला आणि फडका घेऊन पुसून टाकलं. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर मी चारजणींना सांगत सुटले असते. त्या दिवशी मात्र मी भांडी आपटत बसले.

मग सेमीफायनल आली. अंधेरीच्या एका मैदानावर, दुपारी तीन वाजता. पहिल्या अकरात त्याचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी तो आंघोळीला गेला. भरलेली बॅग कॉटवर होती. मी चेन उघडली. जाळीच्या पिशवीत दोन शिनगार्ड होती, नडगीला लागू नये म्हणून मोज्यात घालतात ती. त्याशिवाय रेफ्री मैदानात पाऊल ठेवू देत नाही. मी डाव्या पायाचं काढून घेतलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

त्याने बाहेर बसावं असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ. मला फक्त एक फोन हवा होता. "आई, शिनगार्ड राहिलं गं, तू येतेयस ना, घेऊन ये." मी तिथे जवळच असणार होते. लगेच नेऊन दिलं असतं, त्या कोचच्या डोळ्यांसमोर.

दीड वाजताच मी मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. फोन हातात, आवाज पूर्ण मोठा. दोन वाजले, अडीच वाजले. तीनला दोन्ही टीम मैदानात उतरल्या आणि त्यात माझा मुलगा नव्हता. तो बाकाच्या टोकाला ट्रॅकसूट घालून बसला होता. मी फोन लावला, बंद. शेजारी एका मुलाची आई बसली होती. ती म्हणाली, "अहो, मॅचच्या दीड तास आधी सर सगळ्यांचे फोन जमा करतात. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

नव्हतं सांगितलं. पर्स छातीशी धरून मी खाली दोरीपर्यंत गेले. कोचने मला पाहिलं आणि स्वतःच चालत आला.

"नमस्कार ताई. एक शिनगार्ड नाहीये त्याच्याकडे, म्हणून बसवलाय. वाईट मलाही वाटतंय. पण मी विचारलं तर एक शब्द कारण दिलं नाही त्याने. हात वर केला, माझी चूक म्हणाला. घरचं वळण दिसतं."

माझा हात पर्सच्या चेनवर होता, तो तिथेच राहिला. ज्या श्रेयासाठी मी वर्षभर जळत होते ते हा माणूस आपणहून माझ्या ओंजळीत घालत होता, आणि मला मान वर करवत नव्हती. मी "बरं" म्हणाले आणि पायऱ्यांवर परत गेले. आमची टीम जिंकली. त्याच्यावाचून जिंकली. तो बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

घरी आल्यावर त्याने कॉटखाली वाकून पाहिलं, वॉशिंग मशीन पुढे ओढून मागे पाहिलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकाच वाक्याची वाट बघत होते. ओरड रे, विचार एकदा, आई, कुठे ठेवलंस? तो हात झटकत आला आणि म्हणाला, "माझीच चूक आई. निघताना परत बघायला हवं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा चूक खरोखर माझी होती, आणि तीही त्याने मला दिली नाही.

मी पर्समधून ते काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "मी काढलं होतं," म्हटलं. का काढलं तेही सांगितलं, सगळं. मला वाटलं ताट भिरकावेल. त्याने ते शिनगार्ड उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तू काढलंस ते तुझं. मी बघितलं नाही ते माझं." आणि पाठ ताठ ठेवून जेवला.

फायनलच्या आदल्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून बॅगेच्या चेनला लावायचं एक छोटं कुलूप आणलं आणि त्याच्यासमोर धरलं. दोन किल्ल्या होत्या. दोन्ही त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने कुलूप लावून पाहिलं, उघडून पाहिलं, "थँक्यू आई," म्हणाला, आणि दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या. मला वाटलं होतं, एक तरी परत देईल.