बत्तिसावा चिंचोका

बत्तिसावा प्रवासी कधी नव्हताच.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आज सकाळी हुडकेश्वरला माझे मावसाजी गेले. सहा वर्षांपूर्वी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये प्रवासी बोट बुडाली आणि नऊ जण गेले, ती बोट तेच चालवत होते.

आणि 'बत्तिसावा प्रवासी कोण?' हे व्हिडिओ बनवणारा मी. तुमच्यापैकी अर्ध्यांनी ते शेअर केलेत. तो नावाडी माझा सख्खा मावसा आहे, हे मात्र मी कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

मावसाजींच्या बोटीवर तिकीट नव्हतं. माणूस चढला की ते झाकणाच्या डब्यात एक चिंचोका टाकायचे. पलीकडे उतरला की एक काढायचे. कोणी मागे राहिलं नाही ना, एवढाच हिशोब.

बोट बुडाली तेव्हा डबा दोरीने बांधलेला होता. बोट बाहेर काढली तेव्हा तोही वर आला. पंचनाम्यात चिंचोके मोजले. बत्तीस.

वाचलेले आणि गेलेले मिळून प्रवासी भरले एकतीस.

झालं! एक माणूस गायब!

कोणी म्हणे रेतीवाल्यांचा माणूस होता, बोटीला भोक पाडून पोहत निघून गेला. कोणी म्हणे स्फोट झाला. एकाने तर पाण्याखालच्या गावातलं भूतच बोटीत बसवलं. मी त्याला ढुम ढुम म्युझिक लावलं, लाल बाण काढले आणि अपलोड केलं. चार दिवसांत शहरात, महाल भागातल्या चहाच्या टपरीवर लोक मला ओळखायला लागले. मला ते फार आवडलं. खोटं काहून बोलू.

मावसाजी मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते.

"धरणात बुडाली ना, थे आपली जुनी आमराई. तिथल्या खोडावर आदळली बोट. पानी उतरलं होतं, म्या ध्यान देलं नाही. माही चूक हाय."

एवढं सरळ उत्तर कोणालाच नको होतं. मलाही नको होतं.

आता चिंचोक्याचं.

मी पाचवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे गेलो होतो. मावसाजींनी मला बोटीवर नेलं, डबा उघडला आणि बोट रिकामीच असताना त्यात एक चिंचोका टाकला.

मी म्हणालो, "मावसाजी, अजून तं कोणीच नाही बसलं."

"पयला मायचा असते. तिच्या अंगावरून जाऊन रायलो ना आपण? तिले नाही मोजलं तं मंग थे आपल्याले मोजते."

माय म्हणजे नदी. पलीकडे पोचलं, सगळे उतरले, की तो शेवटचा चिंचोका ते पाण्यात सोडायचे. त्या सुट्टीत महिनाभर तो मीच सोडला.

एकतीस माणसं आणि एक माय.

संपलं रहस्य.

चौकशीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा साहेब हसले म्हणे. गावात तर लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "सांग ना, कोनाले बसवलं होतं?" माझ्या व्हिडिओनंतर तर ते नावाडी राहिलेच नाहीत. गुन्हेगाराला लपवणारा माणूस झाले. शेवटी वंदनाताई, त्यांची मुलगी, त्यांना शहरात, हुडकेश्वरला स्वतःकडे घेऊन आली.

मी स्वतःला काय समजावत होतो माहिती आहे? की मी त्यांना वाचवतोय. दोष त्या अनोळखी माणसावर गेला, तर मावसाजी सुटतील.

वा रे वाचवणारा.

एकदा वंदनाताईकडे गेलो. मावसाजी गच्चीत बसले होते. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"तुह्या त्या व्हिडिओत येवढं एक सांगून दे ना गा. माह्यावर कोनी इश्वास नाही ठेवत. तुले तं म्या दाखवलं होतं."

मी म्हणालो, "हो मावसाजी, टाकतो ना पुढच्या व्हिडिओत."

पुढच्या व्हिडिओत मी तिसरा भाग टाकला. 'बत्तिसावा प्रवासी जिवंत आहे?'

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी गेलो की "जेवला का?" विचारायचे, बस.

आज घाटावर शोभाकाकू आल्या होत्या. गावाहून, एसटीने. त्यांचा मुलगा त्या नऊ जणांत होता. सहा वर्षं त्या मावसाजींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आल्या.

"मरताना तरी सांगतलं का गा त्यायनं, कोनाले बसवलं होतं थे?"

मी म्हणालो, "नाही काकू."

"मंग तू शोध. सोडू नको त्याले. तुह्याच भरोशावर हावो आमी."

आणि मी मान हलवली.

चिता समोर जळत होती आणि मी मान हलवली. याची मला जी लाज वाटते आहे, ती कोणत्या शब्दांत लिहू ते कळत नाही.

व्हिडिओ काढून टाकत नाहीये. काढले तर लोक म्हणतील, याच्यावर कोणाचा तरी दबाव आला. चौथा भाग दुसरंच कोणीतरी करेल. प्रत्येक व्हिडिओखाली आता ही पोस्ट लावतो आहे.

कृपा करून कमेंटमध्ये माझं कौतुक करू नका. 'हिंमत लागते भाऊ' वगैरे अजिबात नको. हिंमत असती तर सहा वर्षांपूर्वी लिहिलं असतं, वाचायला ते होते तेव्हा.

आणि इथे लिहिणं सोपं आहे. शोभाकाकू फेसबुकवर नाहीत.

उद्या सकाळच्या एसटीने त्यांच्या गावी जातो आहे. त्यांच्या दारात उभं राहून, तोंडाने सांगायला, की काकू, ज्याला तुम्ही सहा वर्षं शाप देताय तो माणूस नव्हताच. मावसाजी खरं बोलत होते. खोटा मी होतो.

मावसाजी, टाकतो म्हणालो होतो.

टाकलं.

सुखाने या आता.